मैदानावरील समता आणि मैदानाबाहेरील विषमता : बाळू पालवणकर (१८७६–१९५५) यांच्या जीवनकार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील खेळांचा इतिहास हा बराच काळ विक्रमांचा आणि विजयांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. धावा, बळी, चषक आणि दौरे यांच्या नोंदी त्यात विपुल आढळतात. परंतु खेळाडू कोणत्या समाजातून आला, त्याला मैदानावर प्रवेश कसा मिळाला आणि खेळ संपल्यावर त्याला कोणती वागणूक मिळाली, या प्रश्नांकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. इतिहासलेखनात सामान्य माणसाच्या दृष्टिकोनाला महत्त्व येऊ लागल्यानंतर खेळाच्या इतिहासाकडेही सामाजिक इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. या दृष्टीने महाराष्ट्रात ज्यांचे जीवन विशेष अभ्यासनीय ठरते असे खेळाडू म्हणजे बाळू पालवणकर होत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील एका क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरविणारा अस्पृश्य समाजातील मुलगा पुढे भारतातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज म्हणून मान्यता पावतो, १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी मिळवितो आणि तरीही आपल्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळत नाही, ही घटना केवळ क्रीडाक्षेत्रापुरती मर्यादित नाही. तिच्यात वासाहतिक सत्ता, राष्ट्रवाद, जातिव्यवस्था आणि समतेची चळवळ हे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचे चारही प्रमुख प्रवाह एकत्र आलेले दिसतात. म्हणूनच बाळू पालवणकर यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात करण्यात आला आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे

१. बाळू पालवणकर यांच्या जीवनाचा व क्रिकेटमधील कारकिर्दीचा आढावा घेणे.
२. क्रिकेटच्या माध्यमातून अस्पृश्यतेच्या प्रश्नाला मिळालेल्या आव्हानाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. पालवणकर बंधूंना कर्णधारपदासाठी कराव्या लागलेल्या संघर्षाचे विश्लेषण करणे.
४. बाळू पालवणकर यांच्या राजकीय भूमिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीच्या संदर्भात मूल्यमापन करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून विवेचन प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारलेले आहे. रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे हा विषय अभ्यासकांसमोर ठळकपणे आला. त्यापूर्वी १९४८ मध्ये बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध झाले होते. म्हणजेच या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मराठी भाषेतच उपलब्ध होते. तथापि मराठी इतिहासलेखनाने त्याची पुरेशी दखल घेतली नाही.

मुंबई इलाख्यातील क्रिकेटची पार्श्वभूमी

क्रिकेट हा खेळ इंग्रजांबरोबर भारतात आला आणि आरंभी तो लष्करी छावण्या व युरोपियनांचे क्लब यांपुरताच मर्यादित होता. भारतीयांमध्ये हा खेळ प्रथम पारशी समाजाने स्वीकारला. १८४८ मध्ये मुंबईत पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला आणि १८८६ व १८८८ मध्ये पारशी संघांनी इंग्लंडचे दौरेही केले. त्यानंतर इतर समाजांनी खेळासाठी स्वतःच्या संस्था उभारल्या. मुंबईत पारशी जिमखाना १८८५ मध्ये, इस्लाम जिमखाना १८९२ मध्ये आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला.

यातून एक वैशिष्ट्यपूर्ण रचना निर्माण झाली. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे धर्माच्या व वंशाच्या आधारावरील संघ परस्परांविरुद्ध खेळू लागले. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू संघाची भर पडून तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या समावेशाने ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाने पाचवा संघ आल्यावर ती पंचरंगी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४६ पर्यंत ही स्पर्धा सुरू होती.

या रचनेचा एक परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संघ ‘हिंदू’ या नावाने खेळणार म्हटल्यावर हिंदू कोण, हा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होणार होता. ज्यांना मंदिरात, पाणवठ्यावर आणि पंगतीत प्रवेश नव्हता, त्यांना हिंदू संघात प्रवेश होता काय? हा प्रश्न कोणा सुधारकाच्या व्याख्यानातून नव्हे, तर एका गोलंदाजाच्या कौशल्यामुळे पुढे आला.

जन्म, बालपण आणि पुण्यातील जडणघडण

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. कोकणातील पालवण या मूळ गावावरून त्यांचे आडनाव पडले. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यास आले. पुण्याच्या लष्करी परिसरात युरोपियन अधिकाऱ्यांचे क्रिकेट नित्याचे होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांनी या खेळाचे प्राथमिक धडे गिरविले. विठ्ठल व गणपत या धाकट्या भावांनीही पुढे हाच मार्ग धरला आणि कालांतराने चौघेही बंधू हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातील चार भावांनी असे यश मिळविण्याचे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये दुर्मीळच म्हणावे लागेल.

बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे अशी कामे तेथे त्यांच्याकडे होती आणि पगार दरमहा तीन रुपये होता. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी तयार करणे, जाळ्या उभारणे आणि टेनिसच्या मैदानावरील रेषा आखणे ही त्यांची कामे होती. क्लबातील ट्रॉस नावाच्या एका युरोपियन खेळाडूने त्यांना सरावाच्या वेळी गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणाऱ्या या मुलाचे कसब लवकरच सर्वांच्या लक्षात आले.

पूना क्लबाचे प्रमुख फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातील भारतातील अग्रगण्य युरोपियन खेळाडू होते. सरावासाठी ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देण्याचे ग्रेग यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिचा खरेखोटेपणा कसाही असला तरी बाळूंच्या गोलंदाजीतील अचूकता या दीर्घ सरावातून घडली, याविषयी दुमत नाही.

येथे एक बाब आवर्जून लक्षात घ्यावी लागते. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. परंतु त्यांना फलंदाजी करण्याची संधी देण्यात आली नाही. त्या काळच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी हा प्रतिष्ठितांचा अधिकार मानला जाई, तर गोलंदाजी हे श्रमाचे काम समजले जाई. इंग्लंडमध्येही ही विभागणी वर्गाच्या आधारे अस्तित्वात होती. भारतात तिला जातीची जोड मिळाली. बाळू पालवणकर गोलंदाज झाले, यात त्यांच्या प्रतिभेइतकाच या सामाजिक विभागणीचाही वाटा होता.

हिंदू संघातील प्रवेश आणि चहाचा पेला

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत पोहोचली. या क्लबाला युरोपियनांचा पराभव करावयाचा होता आणि त्यासाठी असा गोलंदाज आवश्यक होता. मात्र क्लबात ब्राह्मण सभासदांचे प्राबल्य असल्याने बाळूंना संघात घेण्यावरून मतभेद झाले. काही तेलुगू भाषिक सभासदांनी त्यांच्या समावेशाचा आग्रह धरला. बाळूंसारख्या खेळाडूच्या सेवेला मुकणे हे हिंदूंचे अविचारी वर्तन ठरेल, असे मत ग्रेग यांनीही वृत्तपत्रांकडे व्यक्त केले. अखेर बाळूंचा संघात समावेश झाला.

परंतु हा समावेश केवळ मैदानाच्या सीमेपर्यंतच होता. सामना सुरू असताना ब्राह्मण व अस्पृश्य एकाच चेंडूला स्पर्श करीत. चहापानाची वेळ झाली की इतर खेळाडू मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर, एकदा वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणासाठीही त्यांची पंगत वेगळी असे. ज्या चामड्याच्या व्यवसायामुळे त्यांच्या समाजाला अस्पृश्य ठरविण्यात आले होते, त्या चामड्याचाच बनविलेला चेंडू सर्व खेळाडू विनातक्रार हाताळीत होते. विटाळ मात्र चेंडूला नव्हता, तो हाताला होता. अस्पृश्यतेचे सोयीस्कर स्वरूप स्पष्ट करणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या काळात सातारा येथील युरोपियनांच्या जिमखान्याविरुद्ध झालेला सामना विशेष गाजला. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी अनेक दिवस रूळ फिरवून टणक केली होती, असे सांगितले जाते. तरीही बाळूंनी सात बळी घेऊन हिंदू संघाला विजय मिळवून दिला. पुण्यात परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, अशा आशयाचे खडे बोल संघातील खेळाडूंना सुनावल्याचा उल्लेख आढळतो. लोकमान्य टिळकांनीही बाळूंच्या खेळाचा जाहीर गौरव केला. सामाजिक सुधारणेविषयी भिन्न मते असणाऱ्या या दोन्ही नेत्यांना बाळूंच्या यशाची दखल घ्यावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मुंबईतील कारकीर्द आणि १९०६ चा विजय

१८९६ च्या सुमारास बाळू पालवणकर मुंबईस आले. हिंदू जिमखान्यातील काही सभासदांचा त्यांच्या प्रवेशाला विरोध होता. मात्र कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे तो मावळला. पुढे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. मुंबईच्या औद्योगिक जीवनात जातीची बंधने पुण्याच्या तुलनेने सैल होती, ही बाब त्यांच्या प्रगतीस उपकारक ठरली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने दिलेले आव्हान मुंबईच्या युरोपियनांनी स्वीकारले. या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या आणि हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. या विजयात बाळू आणि एराशा यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. बंगालच्या फाळणीमुळे देशभर स्वदेशीची चळवळ जोर धरत असतानाच्या काळात राज्यकर्त्यांवर त्यांच्याच खेळात मिळविलेला हा विजय राजकीय अर्थानेही महत्त्वाचा ठरला.

‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी नियतकालिकाने या सामन्यावर भाष्य करताना विजयापेक्षा संघाच्या रचनेकडे अधिक लक्ष वेधले. पुण्याच्या क्लबाने या बंधूंना खेळात सामावून घेतले, तर मुंबईच्या जिमखान्याने त्यांच्याशी सहभोजनही केले, हा फरक त्याने नोंदविला आणि राष्ट्राला दुभंगणाऱ्या जुन्या रूढींपासून मुक्त होण्याच्या वाटचालीतील हा महत्त्वाचा टप्पा असल्याचे मत मांडले. एका क्रिकेट सामन्याच्या निमित्ताने सहभोजनाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघात पारशी, हिंदू, मुसलमान व शीख खेळाडू होते आणि बाळू व शिवराम या पालवणकर बंधूंचाही समावेश होता. सांघिकदृष्ट्या हा दौरा अपयशी ठरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी केवळ २ सामने जिंकता आले आणि १० सामने गमवावे लागले.

या अपयशात बाळूंची वैयक्तिक कामगिरी उठून दिसते. वयाच्या पस्तिशीत असलेल्या या गोलंदाजाने दौऱ्यावरील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी सरासरी १८.८४ धावांत मिळविले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते आणि त्यांची सरासरी २०.१२ होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी ११ बळी मिळविले. सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळविलेल्या रोमहर्षक विजयात शिवरामने नाबाद ११३, तर एरवी गोलंदाज म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या बाळूंनी ५५ धावा केल्या. म्हणजे दौऱ्यातील प्रथम श्रेणीच्या दोन्ही विजयांमागे या दोन बंधूंचे कर्तृत्व होते. इंग्लंडचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी तुलना करून बाळूंना ‘भारताचा ऱ्होड्स’ म्हटले जाऊ लागले.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार करण्यात आला. या समारंभातील मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने तयार करून अर्पण केले होते, असे रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे. त्या वेळी आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. बाळू त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. स्वकर्तृत्वाने सर्व भारतात नावलौकिक मिळविणारा आपल्या समाजातील पहिला माणूस म्हणून त्या पिढीतील अस्पृश्य तरुणांना बाळूंचे केवढे महत्त्व वाटत असेल, याची कल्पना या प्रसंगावरून येते.

कर्णधारपदाचा प्रश्न

गोलंदाज म्हणून बाळूंची श्रेष्ठता सर्वमान्य होती; परंतु संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपविण्यास हिंदू जिमखान्याचे पदाधिकारी तयार नव्हते. कौशल्य आणि अधिकार यांतील हे अंतर जातिव्यवस्थेच्या स्वभावाशी सुसंगत होते. खालच्या मानलेल्या जातीचे श्रम व कौशल्य स्वीकारता येत होते. तिची आज्ञा मात्र स्वीकारता येत नव्हती.

१९१३ मध्ये एम. डी. पै यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली. त्या निमित्ताने झालेल्या सत्काराला उत्तर देताना, संघातील सर्वांत ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू म्हणून हा मान आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता, असे पै यांनी स्वतःच सांगितले. पै हे उच्चवर्णीय होते. मैदानावर एकत्र खेळल्याने सहकाऱ्यांच्या मनात किती परिवर्तन घडू शकते, याची ही साक्ष आहे. त्याचबरोबर असे परिवर्तन संस्थेच्या निर्णयापर्यंत पोहोचत नव्हते, हेही यावरून दिसते.

१९२० मध्ये हा संघर्ष उघड झाला. चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असल्याने नेतृत्व पुण्याचे डी. बी. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले. ज्येष्ठतेच्या व कामगिरीच्या निकषावर विठ्ठल व शिवराम यांचा अधिकार असतानाही केवळ जातीमुळे तो डावलला गेला, असे या दोन्ही बंधूंचे म्हणणे होते. त्यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका जाहीर निवेदनाद्वारे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने झुकल्यावर तडजोड करणे भाग पडले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार झाले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि त्यांचे दोन्ही बंधू संघात परतले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या काळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, त्यांना मिळालेला हा मान काही षटकांपुरता होता.

हे वर्ष असहकार चळवळीचे होते आणि अस्पृश्यता नष्ट झाल्याखेरीज स्वराज्य नाही, असे महात्मा गांधी सांगत होते. हे वातावरण पालवणकर बंधूंना साह्यभूत ठरले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे नाकारले गेले ते धाकट्या भावाला मिळाले. योगायोगाने याच वर्षी ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे, शाळा व इतर ठिकाणे अस्पृश्यांना खुली करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाणारा चहा आणि चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी हे एकाच प्रश्नाचे दोन टप्पे होते.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये बाळू पालवणकर यांनी ३३ सामन्यांत १७९ बळी सरासरी १५.२१ धावांत मिळविले. ही नोंद त्यांच्या तिशीनंतरच्या काळातील आहे, हे लक्षात घेतले असता तिचे मोल अधिकच वाढते.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू पालवणकर सार्वजनिक जीवनात सक्रिय राहिले. अस्पृश्यांच्या प्रश्नावर मात्र त्यांची भूमिका डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेहून वेगळी होती. ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा कारागृहात उपोषण सुरू केले. बाळू हे मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्याप्रमाणे संयुक्त मतदारसंघाचे समर्थक होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांबरोबरच बाळू पालवणकर यांचीही स्वाक्षरी आहे. या कराराने प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ राखीव जागा मान्य केल्या.

१९३३ मध्ये बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महानगरपालिकेची निवडणूक लढविली. परंतु त्यांचा पराभव झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवला येथे केलेल्या धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांनी विरोध दर्शविला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातील मतदारसंघात काँग्रेसने स्वतंत्र मजूर पक्षाच्या डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. महार समाजातील नेत्याविरुद्ध चर्मकार समाजातील लोकप्रिय खेळाडू, अशी ही निवड विचारपूर्वक केलेली होती. डॉ. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी मानपत्र अर्पण केले त्यांच्याच विरुद्ध उभे राहण्याचा हा प्रसंग होता.

या भूमिकेमुळे बाळूंकडे प्रस्थापितांच्या हातातील साधन म्हणून पाहण्याचा मोह होऊ शकतो. परंतु असे मूल्यमापन अपुरे ठरेल. बाळूंचा अनुभव असा होता की, हिंदू संघात राहून, आपले कर्तृत्व सिद्ध करून आणि सहकाऱ्यांचे मन वळवून थोडाफार न्याय मिळविता येतो. पै यांच्यासारखे सहकारी त्यांनी पाहिले होते आणि भावाला मिळालेले कर्णधारपदही पाहिले होते. डॉ. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता. परदेशातील सर्वोच्च पदव्या मिळवूनही बडोद्यात राहण्यास जागा न मिळाल्याने ज्यांना परतावे लागले, त्यांना व्यक्तीच्या गुणवत्तेला मिळालेली मान्यता म्हणजे समाजाची मुक्ती नव्हे, याची जाणीव झाली होती. एकाचा विश्वास मनपरिवर्तनावर होता, तर दुसऱ्याचा हक्कांवर. बाळूंच्या स्वतःच्या जीवनाकडे पाहिले असता मात्र ते डॉ. आंबेडकरांच्याच प्रतिपादनाला पुष्टी देते. भारतातील सर्वश्रेष्ठ गोलंदाजाला जर काही षटकांपुरत्या नेतृत्वासाठी पंचवीस वर्षे वाट पाहावी लागत असेल, तर ज्याच्या अंगी असे असामान्य कसब नाही, त्या सामान्य अस्पृश्याने किती काळ वाट पाहावी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

खेळ, पाणी आणि जात : जामखेडचा अनुभव

हा प्रश्न केवळ वासाहतिक काळापुरता किंवा पुण्या-मुंबईपुरता मर्यादित नव्हता. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावोगावी जातीच्या भिंती हीच पहिली अडचण ठरली. निरनिराळ्या जातींचे पुरुष एका बैठकीला येत नसत. त्यावर उपाय म्हणून व्हॉलीबॉलच्या खेळाचा आधार घेण्यात आला. खेळाच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या तरुणांतूनच पुढे गावोगावची शेतकरी मंडळे आकारास आली. मात्र प्रकल्प केवळ खेळावर थांबला नाही. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेण्याकडे लक्ष देण्यात आले, जेणेकरून इतरांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागेल.

या अनुभवाचा बाळूंच्या जीवनाशी असलेला संबंध स्पष्ट आहे. चेंडू सर्वांना एकत्र आणतो. परंतु खेळ संपल्यावर तहान लागते आणि पाणी कोठे प्यावयाचे हा प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या क्लबाने चेंडू एक केला आणि भांडे वेगळे ठेवले. जामखेडच्या प्रकल्पाने चेंडूबरोबर पाणवठाही एक करण्याचा प्रयत्न केला. समतेच्या दृष्टीने दुसरी पायरी अधिक कठीण आणि अधिक निर्णायक आहे.

निष्कर्ष

१. बाळू पालवणकर हे भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज होते आणि १९११ च्या दौऱ्यातील त्यांची कामगिरी भारतीय क्रिकेटच्या आरंभीच्या कालखंडातील सर्वश्रेष्ठ कामगिरींपैकी एक आहे.

२. त्यांच्या प्रवेशाने हिंदू संघापुढे अस्पृश्यतेचा प्रश्न व्यावहारिक पातळीवर उभा केला. विजयाच्या गरजेने मैदान खुले केले. परंतु पंगत, पेला व पद या गोष्टी आपोआप खुल्या झाल्या नाहीत.

३. १९२० मध्ये पालवणकर बंधूंनी केलेली माघार हा भारतीय क्रीडाक्षेत्रातील जातिभेदाविरुद्धचा आरंभीचा संघटित निषेध होय. १९२३ मधील विठ्ठल यांचे कर्णधारपद हे त्या निषेधाचे फलित होते.

४. राजकारणात बाळू व डॉ. आंबेडकर यांचे मार्ग भिन्न झाले. हा मतभेद व्यक्तिगत नसून समता मनपरिवर्तनाने साधावी की हक्काने, या मूलभूत प्रश्नाशी निगडित होता.

समारोप

बाळू पालवणकर यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. तत्पूर्वी स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली होती आणि तिचे आचरण शिक्षापात्र ठरविणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ पासून अमलात आला होता. सार्वजनिक ठिकाणी कोणासाठी वेगळे भांडे ठेवणे हा त्या दिवसापासून देशभर गुन्हा ठरला. एकेकाळी मंडपाबाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घेणाऱ्या या खेळाडूला तो कायदा जेमतेम महिनाभर पाहावयास मिळाला. रणजितसिंह हे इंग्लंडकडून खेळले आणि त्यांच्या नावाने भारताची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ पासून खेळली जाते. भारतासाठी राबलेल्या बाळूंचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. इतिहासाच्या अभ्यासकांनी ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे. तसे करताना बाळूंच्या बळींबरोबरच त्या मातीच्या भांड्याचीही नोंद ठेवावी लागेल. कारण त्या नोंदीवाचून त्यांच्या बळींचे खरे मोल कळणार नाही.